सरकारीत उशीर, खासगीत घाई

व्हेरिकोज व्हेन्सने माणूस सहसा दगावत नाही, म्हणून आजारांच्या रांगेत या दुखण्याला कायम शेवटची जागा. शिरा फुगतात, संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, रात्री गोळे येतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते. तरी माणूस चालता-फिरता असतो, कामाला जातो. मग त्याला आजारी कधी म्हणायचं? सरकारी रुग्णालय आणि खासगी क्लिनिक या प्रश्नाची अगदी दोन टोकांची उत्तरं देतात.

पुढचा संवाद लातूरमधल्या एका कल्पित घरातला. आत्या दुसऱ्या एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून, शस्त्रक्रिया विभागाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. भाचा पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात विम्याच्या कॅशलेस टेबलावर बसतो. त्याची आई ‘नीट’च्या क्लाससाठी लातूरला आलेल्या मुलांचे डबे करते. वाद तिच्या डाव्या पायावरून आहे.

भाचा: आत्या, शनिवारी आईला पुण्याला घेऊन जातो. सकाळी दाखल, दुपारी लेसर, संध्याकाळी आपल्या पायांनी चालत बाहेर. तुमच्या सरकारीत तेवढ्या वेळात केसपेपरसुद्धा निघणार नाही.

आत्या: केसपेपर निघतो रे. अडतं ते त्याच्या पुढे, आणि ते मी तुझ्यापेक्षा जास्त जाणते. पण आधी सांग, आईचा पाय नीट बघितलास का?

भाचा: बघितला की. पोटरीवर शिरांच्या गाठी आल्यात, गुडघ्याच्या आतल्या अंगाने वर मांडीपर्यंत गेल्यात.

आत्या: गाठी सगळ्यांनाच दिसतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर बघ. कातडी तपकिरी पडलीय आणि चिमटीत येत नाही, इतकी कडक झालीय. वहिनी रात्री तिथे खाजवतात आणि खोबरेल लावून झोपतात. खरा धोका त्या डागात आहे. तिथे एखाद्या दिवशी पातेल्याची कड लागली, की ते खरचटणं महिनोन्‌महिने भरणार नाही.

भाचा: मग माझंच म्हणणं खरं. थांबायचं कशाला?

आत्या: थांबायचं नाहीच. पण कुठे आणि कशासाठी पळतोय, ते तरी कळू दे. या दुखण्याचे डॉक्टर शून्य ते सहा असे टप्पे धरतात. बारीक लाल-निळ्या रेषा दिसल्या की पहिला. शिरा फुगल्या की दुसरा, पायाला सूज राहायला लागली की तिसरा, कातडी बदलली की चौथा. जखम होऊन भरली असेल तर पाचवा, उघडी असेल तर सहावा. सरकारीत सहाव्या टप्प्याच्या माणसाला कोणी परत पाठवत नाही. तुमच्या जाहिराती पहिल्या टप्प्यापासून सुरू होतात. वहिनी आहेत चौथ्यावर.

भाचा: आणि चौथ्या टप्प्याच्या बाईला तुमच्याकडे काय मिळतं? खरं सांग.

आत्या: खरं सांगते. क्रेप बँडेज, कॅल्शियमच्या गोळ्या, आणि ‘फार वेळ उभं राहू नका’ हा सल्ला. सर्जरीच्या ओपीडीत त्या दिवशी हर्निया असतात, अपेंडिक्स असतात, मधुमेहाने पाय सडलेले असतात, अपघाताच्या केसेस असतात. त्यांच्यात चालत आलेल्या पायाकडे कोण बघणार? ऑपरेशनची तारीख मिळालीच, तर त्या दिवशी एखादी इमर्जन्सी आली की यादीतून सगळ्यात आधी त्याचंच नाव कापलं जातं. दोनदा नाव कापलं गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. येतो तो जखम घेऊनच.

भाचा: हेच तर मी म्हणतोय!

आत्या: ऐक ना. जखम घेऊन आला की काय होतं, ते तू पाहिलेलं नाहीस. घरी बांधलेली पट्टी आधी सलाइनने भिजवत ठेवावी लागते. ओढून काढली तर खाली आलेली नवी कातडी निघून येते. पट्टीखाली हळद असते, कधी तंबाखू असते, कधी कोणीतरी दिलेली पावडर. ते सगळं धुऊन काढायचं आणि मग बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत दाबपट्टी बांधायची. खाली घट्ट, वर जाताना सैल. उलटं झालं तर रक्त खालीच अडकतं. ही पट्टी आठवड्याला एकदा तरी, आणि जखम फार वाहत असली तर दोन-तीनदा बदलायची. खेड्यातून येणाऱ्या बाईची प्रत्येक खेपेला एक रोजंदारी बुडते, सोबत येणाऱ्या पोराची दुसरी. सरकारने ऑपरेशनच्या टेबलावर वाचवलेले पैसे असे ड्रेसिंगच्या टेबलावर जातात. रुग्णाचे जातात ते वेगळेच.

भाचा: आमच्या डॉक्टरांच्या सादरीकरणात यावरच एक स्लाइड आहे. ब्रिटनमधल्या 20 केंद्रांतले 450 रुग्ण, सगळ्यांना जखमा. निम्म्यांना दाबपट्टीसोबत दोन आठवड्यांच्या आत शिरेवर उपचार. बाकीच्यांना जुन्या रीतीने आधी पट्टी, आणि शिरेचं नंतर बघू. लवकर उपचार झालेल्यांच्या जखमा भरायला मधला आकडा 56 दिवस, थांबलेल्यांना 82. 2018 सालचा निकाल आहे. म्हणजे आधी शीर बंद करा, जखम मागोमाग भरते.

आत्या: पटलं. पण ही स्लाइड तुझ्या नाही, माझ्या बाजूने बोलते. ती म्हणते, लवकर करा. खासगीत करा असं कुठे म्हणते? ते रुग्ण तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतलेच होते ना?

भाचा: होते. पण तिथल्या सरकारीत लेसर आहे, इथल्या किती जिल्ह्यांत आहे? इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्येच क्रम लावून दिलाय. त्रास असलेल्या माणसाला आधी लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने शीर आतून बंद करा. ते जमत नसेल तर फोमचं इंजेक्शन, तेही जमत नसेल तर उघडी शस्त्रक्रिया. आणि नुसते दाबमोजे द्यायचे ते यातलं काहीच शक्य नसेल तेव्हा. तुमच्या क्रेप बँडेजने जिथे सुरुवात होते, तिथे त्यांचा क्रम संपतो.

आत्या: कागदावर संपतो. तिथल्याही कित्येक भागांतल्या आरोग्य मंडळांनी पैसे पुरेनात म्हणून अटी घातल्याच. जखम झालेली असली पाहिजे, शीर फुटून रक्त गेलेलं असलं पाहिजे, मगच नंबर. तिजोरीत खडखडाट झाला की सरकार लंडनचं असो की मुंबईचं, रुग्णाला ‘अजून तेवढं वाढलेलं नाही’ असंच सांगतं. आणि आता दुसरा एक अभ्यास ऐक, तोही ब्रिटनचाच. 798 रुग्ण, लेसर, फोम आणि उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना. पाच वर्षांनी बघितलं तर पायाच्या त्रासात लेसर आणि शस्त्रक्रिया जवळपास बरोबरीने होत्या, फोम थोडा मागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जनने ही शीर बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून सुधारत आलेली ही शस्त्रक्रिया आमचे साधे जनरल सर्जनही करतात. त्यासाठी पुणं लागत नाही.

भाचा: पाच वर्षांनी बरोबरी असेल. पाच दिवसांनी नसते ना! कमरेतून भूल, जांघेत चीर, टाके, मांडीभर काळं-निळं, दोन-तीन दिवस कॉट. लेसरला शिरेभोवती थंड सलाइनमध्ये कालवलेलं भुलीचं औषध देतात, सुईच्या भोकातून फायबर आत जाते, वर पट्टी बांधली की लगेच चालायला लावतात. आई पन्नाशीची आहे, तिने टाके का सोसायचे?

आत्या: या मुद्द्यावर मी परत येईन, कारण तुझा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच आहे आणि तो तू अर्धाच मांडलायस. आधी मला सांग, शिबिरं भरवता ना तुम्ही? ‘मोफत व्हेरिकोज तपासणी’?

भाचा: भरवतो.

आत्या: शिबिराला आलेल्यांपैकी किती जणांना सांगता, ‘तुम्हाला काही करायची गरज नाही, चाला, वजन सांभाळा, घरी जा’?

भाचा: (थांबून) इस्टिमेट मीच टाइप करतो, आत्या. बहुतेकांच्या कागदावर ‘दोन्ही पाय’ असतं. नुसत्या निळ्या रेषा असलेल्या कॉलेजच्या मुलीही असतात. त्यांचं कॉस्मेटिक, विम्यात बसत नाही, मग हप्त्यांवर.

आत्या: तिथेच माझं भांडण आहे. लेसर वाईट नाही. लेसर हातात असला की प्रत्येक पाय लेसरचा दिसायला लागतो, ते वाईट. पाय दुखला म्हणजे शीरच दुखते असं नाही. वहिनींचे गुडघे पण झिजलेत. डॉपलर सोनोग्राफी न करता कोणी लेसरची तारीख दिली, तर तिथून उठून यायचं.

भाचा: डॉपलर सगळीकडे करतातच.

आत्या: कसा करतात ते बघायचं. आडवं झोपवून पाच मिनिटांत केलेला डॉपलर मला नको. माणसाला उभं करायचं, तपासायच्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लावायचा. जांघेपाशी प्रोब धरून पोटरी हाताने दाबायची आणि सोडायची. दाबल्यावर रक्त वर जातं, सोडल्यावर झडप मिटली पाहिजे. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटं खाली येत राहिलं, तर झडप गेलेली. मग गळती कुठून सुरू होते, जांघेतून की गुडघ्यामागून की मध्येच कुठून, ते शोधायचं. खोलातल्या शिरा मोकळ्या आहेत ना तेही बघायचं. तिथे गुठळी असली तर वरची शीर बंद करणं अंगाशी येऊ शकतं. एवढं करायला वेळ लागतो. तो वेळ देणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याला मिळाला, तर अर्धी लढाई जिंकली.

भाचा: आणि तो तुमच्याकडे नसतो.

आत्या: जागा भरलेली असली तर असतो, पण त्याच्या दारात गरोदर बायकांची, पोटदुखीची, मुतखड्याची रांग असते. बरं, सर्जनने म्हटलं, मीच ऑपरेशन थिएटरमध्ये मशीन ठेवतो, तर ते तसं सहज होत नाही. गर्भलिंगनिदान रोखायच्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची आणि जागेची नोंदणी लागते. कायदा हवाच, आपल्या मराठवाड्याला तर जास्तच हवा. पण पायाच्या शिरेसाठी मशीन हवं असेल तरी ती सगळी कागदपत्रं कोणीतरी बसून करावी लागतात. लेसरच्या मशीनला निधी मिळेल, फीतही कापली जाईल. हे कागद करायला कोणी बसत नाही.

भाचा: म्हणूनच म्हणतो, पैसे जाऊ देत. एका पायाचे लाखाच्या आसपास. विमा काढलाय मी आईचा.

आत्या: कधी काढलास?

भाचा: गेल्या दिवाळीत.

आत्या: तू त्या टेबलावर बसतोस, तूच सांग मग.

भाचा: …चोवीस महिने. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, व्हेरिकोज व्हेन्स, ही सगळी थांबायच्या यादीत असतात. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतसुद्धा व्हेरिकोज व्हेन्स आणि त्यांच्या जखमांना दोन वर्षं थांबावं लागतं. शिवाय दुखणं आधीपासूनचं आहे हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नसलं, तर पुढे क्लेमच अडकतो.

आत्या: लिहिलंयस?

भाचा: एजंट म्हणाला, पायाच्या शिरा कोण लिहितं!

आत्या: बघ. सरकारी रांगेला नावं ठेवतोस, पण दोन वर्षं थांबवणारी रांग तुझ्याही टेबलावर आहे. फक्त तिथे बाकडं दिसत नाही.

भाचा: मग राज्य सरकारची ‘महात्मा फुले’ योजना घेऊ. 2024 च्या जुलैपासून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख, आणि आता रेशनकार्डाचा रंगही आड येत नाही. योजनेत खासगी रुग्णालयंही आहेतच की.

आत्या: आता कुठे मार्गाला लागलास. पण कार्ड आहे म्हणजे उपचार मिळाला, असं नसतं. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचं ठरलेलं पॅकेज असतं आणि आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलावर जाऊन नेमकं विचारायचं. या निदानाला कोणतं पॅकेज आहे, उघड्या शस्त्रक्रियेचं की शीर आतून बंद करायचं, आणि ते या रुग्णालयाला लागू आहे का? ‘योजनेत बसत नाही’ असं कोणी नुसतं तोंडाने सांगितलं, तर लेखी मागायचं. कागद मागितला की बऱ्याचदा नसलेलं पॅकेज सापडतं.

भाचा: खासगीवाले काय म्हणतात ते मी आतून ऐकतो. पॅकेजच्या पैशात लेसरची फायबरही निघत नाही. एकदा वापरून टाकायची वस्तू आहे ती. मग योजनेच्या रुग्णाला ‘कॉट रिकामी नाही’ असं सांगतात. त्यांचंही पूर्ण चूक नाही, आत्या. तोट्यात कोण करणार?

आत्या: तोट्यात करू नये. पण मग योजनेचा बोर्डही दारावर लावू नये. आणि फायबरचं निघालंच आहे, तर पैसे भरणाऱ्यानेही विचारावं, पाकीट माझ्यासमोर फोडणार का? एकदाच वापरायची वस्तू खरंच एकदाच वापरली जातेय, हे बघायचा हक्क रुग्णाला आहे.

भाचा: बरं, सगळी टीका मान्य. आता तुमच्या बाजूने एक तरी उपाय सांग, उद्या सकाळी सुरू होईल असा.

आत्या: फोम. दोन सिरिंज आणि मधे तीन तोंडांची तोटी. एका सिरिंजमध्ये औषध एक भाग, दुसरीत हवा चार भाग. वीसेक वेळा इकडून तिकडे ढकललं की दाढीच्या साबणासारखा पांढरा फेस होतो. टेसारी नावाच्या इटालियन डॉक्टरची ही रीत. सोनोग्राफीत बघत तो फेस शिरेत सोडायचा, शीर आकसते आणि मिटून जाते. पडदा, कॉट आणि मशीन असलेल्या खोलीत हे होतं. थिएटर लागत नाही, कमरेतून भूल लागत नाही. शीर पुन्हा उघडण्याचं प्रमाण लेसरपेक्षा जास्त, हे मान्य. पण ज्या म्हाताऱ्याला भूल झेपत नाही, ज्याची जखम महिने महिने वाहतेय, त्याला हे जिल्ह्याच्या जागी मिळालं तर किती मोठी गोष्ट आहे! इथे सामान स्वस्त आहे, शिकलेला हात महाग आहे.

भाचा: आणि चौथ्या टप्प्याला? आईला?

आत्या: तिला तिन्हींतलं कोणतंही चालेल, डॉपलर काय सांगतो त्यावर. आणि तोवर मोजे. पण मापाचे. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घोटा आणि पोटरी मोजून घेतलेले. आणि त्याआधी पायाच्या धमन्या नीट वाहतायत ना हे तपासून. धमनी अरुंद असेल तर घट्ट मोजा पायाला घातक.

आई: वन्सं, मोजे आहेत माझ्याकडे. मागच्या वर्षी दीड हजार घालून आणलेत. कपाटात आहेत.

आत्या: कपाटात का, वहिनी?

आई: तुम्ही या एकदा सकाळी पाच वाजता आणि उभ्या राहा दोन शेगड्यांपुढे. लातूरचा उन्हाळा, वर ती आग, आणि पायात रबराचा मोजा. घामाने आत पुरळ उठतं. शिवाय तो चढवायला वाकावं लागतं, आणि गुडघे वाकत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी मोजे लिहिले, तेव्हा मी दिवसभर काय करते हे एकाने तरी विचारलं का? सरकारीवाल्याने नाही विचारलं आणि पुण्याच्या शिबिरवाल्यानेही नाही.

भाचा: आई, म्हणूनच लेसर…

आई: तू थांब. तुम्ही दोघं मघापासून बोलताय, म्हणून मी ऐकतेय. मला एवढंच सांगा, डबे किती दिवस बंद ठेवावे लागतील?

भाचा: लेसर केलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हळूहळू सुरू करता येईल. ऑपरेशन केलं तर दोन आठवडे धर.

आई: दोन आठवडे डबे बंद राहिले तर मुलं दुसरीकडे लागतात. महिन्याचे पैसे त्यांनी आधी दिलेले असतात, ते परत करायचे. आणि गेलेलं पोर परत येत नाही.

आत्या: हाच तो मुद्दा, जो तू अर्धा सोडलास. लेसर म्हणजे पैसेवाल्यांची चैन, असं मी इतके दिवस धरून चालले. पण हिशोब उलटा लागतो. पगारी माणसाला आजारपणाची रजा असते, तो दोन आठवडे टाके घेऊन घरी बसू शकतो. लवकर उभं राहण्याची गरज डबेवालीला आहे, न्हाव्याला आहे, भाजीवाल्याला आहे, हॉटेलात पुऱ्या तळणाऱ्याला आहे. आणि आपल्याकडे वाटणी कशी आहे? ज्याला रजा मिळते त्याला लेसर, ज्याचा दिवस बुडतो त्याला टाके, नाहीतर तारीख. म्हणून हे तंत्र सरकारीत यायलाच पाहिजे. मी त्याला विरोध करणार नाही. तसली मागणी उद्या सह्या गोळा करून कोणी केली, तर पहिली सही माझी.

भाचा: मग माझाही एक कबुलीजबाब घे. आमच्याकडे येणाऱ्या पायांत दिवसभर उभं राहणारे कमी असतात. नर्सिंग स्टाफमधल्या मुलींच्याच पायांना सूज असते, पण त्या इस्टिमेट बघून जातात. कारखान्यातल्यांचं ठीक आहे, महिना 21,000 पर्यंत पगार असला तर ईएसआय असतो. स्वतःचा धंदा करणाऱ्या आईसारखीला तोही नाही.

आत्या: आणि उपचार करून ती परत त्याच शेगडीपुढे उभी राहणार. हा आजार उभं राहिल्यानेच होतो असं नाही. घराण्यात असतो, बाळंतपणांनी वाढतो, वयाने, वजनाने वाढतो. पण तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरीचे स्नायू हलत नाहीत, आणि रक्त वर ढकलायचं काम तर त्यांचंच. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायचं कलम होतं, 44 वं. दुकानांत मात्र कोणी विचारत नव्हतं. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या असायच्या, बसलं की बोलणी खायच्या. त्यांनी आवाज उठवला आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून बसायचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूने दिला. एका स्टुलाने लेसर टळेल असं नाही, पण स्टूल द्यायला कोणत्या योजनेची मंजुरी लागते?

भाचा: आईला स्टूल कोण देणार? मालकही तीच, कामगारही तीच.

आत्या: तू देणार. ओट्याच्या उंचीचं, खाली पाय टेकवायला दांडी असलेलं. कणीक मळणं, भाजी चिरणं, डबे भरणं बसून होतं. पोळ्या लाटताना उभं राहावं लागलं, तर थोड्या थोड्या वेळाने टाचा उचलायच्या. आणि वहिनी, एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. ती घोट्याजवळची शीर कधी फुटली तर रक्ताची धार लागते, माणूस घाबरतो. उभं राहायचं नाही, वर फडकं आवळायचं नाही. तिथेच आडवं व्हायचं, पाय भिंतीला लावून उंच करायचा, स्वच्छ कापडाने जागच्या जागी दाबून धरायचं. थांबतं. मग दवाखान्यात. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखून गरम झाला, तर ते हे दुखणं नाही, गुठळी असू शकते. मग डब्यांचा हिशोब करायचा नाही, तडक निघायचं.

आई: हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

भाचा: मग ठरवू या. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी उभ्याने डॉपलर. इथल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. तिथे फुकट होईल ना? 2023 च्या पंधरा ऑगस्टपासून सगळं मोफत झालंय.

आत्या: ते आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, त्यांचे दर वेगळे. पण तुझ्या पुण्याच्या मानाने काहीच नाहीत. आणि योजनेची मंजुरी मिळाली तर तोही प्रश्न नाही. सर्जरीच्या ओपीडीत दाखवायचं, डॉपलर लिहून घ्यायचा, आरोग्यमित्राला पॅकेज विचारायचं. तीन कामं, मी सोबत येते.

भाचा: आणि तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली तर? तेवढ्यात तो डाग फुटला तर?

आत्या: त्याचीही मुदत आत्ताच ठरवू. तारीख दोन महिन्यांच्या आतली असेल तर इथे. त्यापुढची असेल तर तोच रिपोर्ट घेऊन योजनेतलं खासगी रुग्णालय शोधू. तेही नाही म्हणालं तर तुझं पुणं, आणि खर्चाला माझ्या पेन्शनमधले अर्धे. पण मग एकाच पायाचं. उजव्या पायाचं इस्टिमेट टाइप केलंस तर बघ.

आई: मेच्या सुरुवातीला ‘नीट’ची परीक्षा होते. मुलं गावाकडे गेली की डबे बंदच असतात. जे काय करायचं ते तेव्हा. इथे करा नाहीतर पुण्यात.

आत्या: मे महिन्यात? मोजे घालावे लागतील नंतर, वहिनी, किती गरम होईल!

आई: शेगडी बंद असेल तेव्हा. घालीन की. सोमवारी ओपीडीला किती वाजता निघायचं, तेवढं सांगा. पोळ्या त्याआधी उरकायच्यात.